सतराव्या अंकापासून

जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोन मुली एका सुपरहिरोच्या कॉमिक्सवर तावातावाने बोलत होत्या. मी विचारलं, "मला वाचायचंय. कुठून सुरू करू?"

"पहिल्या अंकापासून, काकू," एक म्हणाली.

"छे! सतरावा घ्या," दुसरी म्हणाली. "त्याची शक्ती जाते, तरी तो पुरात उडी घेतो. मागचं हळूहळू कळतं."

ही मालिका रेवाची, माझ्या नवऱ्याच्या मुलीची, आवडती. आमच्या लग्नाला चार महिने झाले. तिला नुकतंच सतरावं लागलंय. माणसंही अशी मध्येच कुठेतरी हाती लागतात. तिचे पहिले सोळा अंक मी कुठे वाचलेत?

घरी रेवाने अंक पाहिला. "एकदम सतरावा? मागचं काय कळणार तुम्हाला?"

"तू सांगशील?"

ती खुर्ची ओढून जवळ बसली. "पहिल्यापासून सांगावं लागेल. वेळ आहे ना?"