आमच्या एकादशीतलं टेबल

मैत्रिणींनो, सरस्वतीपुरमच्या शिकवणीत उद्या लेकीचं इंग्रजी भाषण आहे, ‘आमची एकादशी’. आज दुपारी मी ते वाचलं आणि मनात पाल चुकचुकली. एरवी ‘डिड फास्ट’ लिहिणारी पोरगी चक्क ‘ऑब्झर्व्ड अ फास्ट’ लिहिते? एकेक क्रियापद कसं इंग्रजांच्या तोंडातलं!

“फोननं लिहून दिलं ना?”

“अय्यो आई, मीच लिहिलं!”

पुढं वाचलं, तर द्वादशीला आम्ही म्हणे डायनिंग टेबलाभोवती बसून उपास सोडतो. आमच्याकडे टेबल कुठलं? विठ्ठलाला नैवेद्य दाखवून पाटावर बसतो आम्ही.

“हे कुठून आलं ग?”

ती पुटपुटली, “पाट लिहिला की इंग्लिश वाटतच नाही. मीच बदललं.”

फोनवरचा संशय फिटला, पण धास्ती वाढली. तुमच्या मुलांच्या इंग्रजीत तुमचं घर ओळखू येतं का हो?