चिंचेखालची हरळी

आमच्या बाबांचा मोतीबिंदू पिकायचा होता. मेहकरच्या डॉक्टरांनी तसंच सांगितलं, "अजून कच्चा आहे, पिकू द्या, मग काढू." जानेफळला घरी परत येताना एस.टी.त बाबा पुटपुटले, "वावरातलं कधी वेळेवर पिकलं नाही, हे काय पिकते!"

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, मला नुकतीच शिक्षकाची नोकरी लागली होती, आणि सगळं काही आपल्याला सुधारता येतं असं वाटण्याचं माझं वय होतं. थांबणं तर मला कधीच जमलं नाही. भात शिजत असला तरी मी चार वेळा झाकण उघडणार.

खरी अडचण निराळी होती. बाबांनी घराबाहेर पडणं सोडलं होतं. चाचपडत चालताना गावानं पाहू नये म्हणून. दिवसभर ओसरीवर बसायचे आणि कोणी आलं की भलतीकडे बघून म्हणायचे, "दिसते मले सगळं." माणूस बसल्या जागी वाळत चालला होता. माय त्यांच्या ताटात उरलेली भाकर मला दाखवायची.

अशात कोणीतरी सांगितलं, पहाटे दहिवरानं भिजलेल्या गवतावर अनवाणी चाला, नजर थंड होते. बाबा बाहेर जाणार नाहीत, तर गवत घरी आणू, असं मी ठरवलं. आमच्या परसात दोन जुन्या चिंचा. त्यांच्याखाली सावली इतकी दाट की भर दुपारी कोंबड्या झोपायला जायच्या. तिथं मी हिरवळ करणार होतो! मेहकरच्या डाक बंगल्यापुढची साहेबांची हिरवळ मी कुंपणाबाहेरून नीट पाहिली होती, तेवढंच माझं शिक्षण.

पोळा झाल्यावर आमच्याच वावरातून टोपलंभर हरळी खणून आणली. शेजारचे पिंजारी चाचा कुडावरून पाहत होते.

"काऊन बेटा, दुनिया हरळी उपटू उपटू थकली, अन् तू लावून राह्यला?"

"औषध आहे चाचा."

"हरळीले?"

हसता हसता त्यांना ठसका लागला.

आठवडाभर हरळी बरी दिसली. मग पिवळी पडली, मग सुतासारखी लांब होऊन आडवी झाली. मी शेणखत घातलं, चिंचेचा पाला झाडला, आणि मूळ धरलं का ते बघायला रोज एखादी काडी उपटायचो. ती अर्थातच मूळ धरायची नाही. ऊन खाली यावं म्हणून कुऱ्हाड घेऊन चिंचेवर चढलो, तर ओसरीवरून आवाज आला, "माह्या डोळ्यापायी झाडाचे हात तोडून राह्यला काय? उतर खाली!" दिसत नव्हतं, पण कुऱ्हाड ऐकू येत होती. मग मी उन्हाच्या कवडशामागं हरळीची ढेकळं हलवत फिरू लागलो. कवडसा पुढं, मी मागं. माय म्हणाली, "म्हैस तहानली हाये, तिच्याकडंबी फिरत जाय जरा."

दिवाळी झाली, थंडी पडली. उरल्यासुरल्या हरळीवर चालायला बाबांना कसंबसं राजी केलं. पण पहाटे पाहतो तर कुडापलीकडे सगळं ओलं, आणि चिंचेखाली ठणठणीत कोरडं. झाड गवताला ऊन देत नाही तसं दहिवरही खाली येऊ देत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता? मी धावत विहिरीवर गेलो, बादली शेंदली, आणि बाबा उठायच्या आत लोट्यानं सगळीकडे शिंपडलं.

बाबा आले. चार पावलं चालले. थांबले. पायाच्या बोटांनी जमीन चाचपली.

"काऊन बे, आपल्या घरी दहिवर विहिरीतून निघते काय?"

थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं, हे शेतकऱ्याच्या पायाला कळणारच. बाबांनी ओला पाय दुसऱ्या पोटरीला पुसला. मला वाटलं, आता परत ओसरीवर जातील आणि पुन्हा उठायचेच नाहीत.

"वावरात घेऊन चाल मले," ते म्हणाले.

"आत्ता? गल्लीत लोक उठले असतील, बाबा."

"उठू दे."

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी माझा खांदा धरला. पारावर दोघेतिघे शेकत बसले होते. एकानं हाक दिली, "राम राम भाऊ! लय दिवसांनी. पोराले काऊन धरलं?"

मी उत्तर जुळवू लागलो: पाय मुरगळला, काटा रुतला. बाबांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"राम राम. दिसत नाही मले आता."

मग तो माणूस उठला, वाटेत पडलेली जळणाची फांदी त्यानं बाजूला ओढली आणि म्हणाला, "या मग, शेका जरासं."

"येताना," बाबा म्हणाले.

मला तिथून लवकर निघायचं होतं. का, ते आजही सांगता येणार नाही. माझी पावलं आपोआप भराभर पडू लागली. खांद्यावरचा हात घट्ट झाला.

"हळू चाल ना बे. काही घाई हाये काय?"