हॅकिंगचं ते काळ्या कव्हरचं पुस्तक

लायब्ररीत काम करणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. आत आलेला प्रत्येक जण हळू बोलतो, आणि बाकी सगळं शांत असल्यामुळे काउंटरवर बसलेल्याला शब्द न् शब्द ऐकू येतो. मी अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लायब्ररियन आहे. आमच्याकडे एक पुस्तक असं आहे की एकट्या त्याच्याच नावावर माझ्याजवळ पुष्कळ गोष्टी जमल्या आहेत.

नवशिक्यांना हॅकिंग शिकवणारं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक. काळं कव्हर, त्यावर टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेला एक माणूस. ‘मॅडम, वाचण्यालायक हाय का?’ असं मला इतक्या जणांनी विचारलंय की आता मी उत्तर देतच नाही. वाचून कोणाचं काय झालं, ते सांगते.

*

पुस्तक आलं त्याच दिवशी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कव्हरवरच्या माणसाकडे ते एखाद्या फरारी गुन्हेगाराकडे बघावं तसे बघत होते. हे कोणी मागवलं, पोरं बिघडली तर जबाबदार कोण, उद्या पोलीस आले तर काय सांगायचं, असं त्यांचं बराच वेळ चाललं. कॉम्प्युटर विभागाच्या मागणीत हे पुस्तक होतं आणि त्यावर त्यांचीच सही होती, हे मी त्यांना अगदी हळूच सांगितलं. तरी पुस्तक काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचा हुकूम झाला.

झालं उलटंच. कधी लायब्ररीची पायरी न चढलेली मेकॅनिकलची मुलं काचेला नाक लावून उभी राहायला लागली. एकाने तर कपाटासोबत सेल्फी काढला. शेवटी प्राचार्य स्वतः बघायला आले, मुलांना हाकललं, आणि आजूबाजूला कोणी नाही असं पाहून मला विचारलं, “याच्यात दुसऱ्याचा मोबाईल उघडायचं काही दिलं हाय का?”

मी म्हटलं, तसं काही नाही.

“मग ठेवा बाहेर,” ते म्हणाले.

*

पहिला वाचक स्वप्निल. अकोल्याचा, वडिलांचं तिथे औषधाचं दुकान. शनिवारी पुस्तक घेऊन गावी गेला. पुस्तकात सुरुवातीलाच लिहिलं आहे की सराव करायचा तर वेगळा कॉम्प्युटर घ्या, त्यात अमुक सिस्टीम टाका. वेगळा कॉम्प्युटर कुठून आणणार? त्याने दुकानातल्या कॉम्प्युटरवर ती सिस्टीम टाकली. आधीचं सगळं पुसलं जाईल, अशी सूचना स्क्रीनवर आली होती म्हणे. त्याने ‘हो’ दाबलं.

सोमवारी तो आला नाही, मंगळवारीही नाही. आला तेव्हा डोळे खोल गेलेले. दुकानातला सगळा माल, कोणती गोळी किती, कशाची मुदत कधी संपते, सगळं गेलं होतं. बापलेक खाली बसून एकेक पट्टी हातात घेऊन मोजत होते. मुदत संपलेली गोळी चुकून कोणाच्या हातात गेली तर, या विचाराने आपल्याला घास गिळवत नव्हता, असं तो म्हणाला. तशी कोणाला गेली नाही. वडील फार रागावले का, असं मी विचारलं.

रागावले नाहीत म्हणे. फक्त येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते, “पोरगं दुसऱ्याचं उघडाले गेलं होतं, आमचंच बंद करून बसलं.”

*

आमचे फिजिक्सचे पाठक सर. घरात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी, सरांना सगळे श्लोक मुखोद्गत. त्यांनी मात्र पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, आणि त्यांची झोपच उडाली. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर बायकोची टिकली लावली. कॉलेजच्या वायफायला हात लावेनात. फोन वाजला की आधी चष्मा लावून नंबर न्याहाळायचे आणि मग तो उचलायचेच नाहीत. घरी त्यांच्या बायकोला काळजी. हे आधी बीपीची गोळी विसरत, आता दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासतात, असं त्या मला बाजारात भेटल्या तेव्हा सांगत होत्या.

पासवर्ड लांब आणि कोणाला न सुचणारा असावा, असं पुस्तकात आहे. सरांनी एका लांबलचक स्तोत्राच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घेऊन पासवर्ड केला. पाठच असल्यामुळे विसरायची भीती नाही. पुढे मार्क भरायची शेवटची तारीख आली आणि सर ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर बसले. पण स्तोत्र मनातल्या मनात म्हणताना अक्षर चुकायला लागलं, आणि आता एकदा चुकलं की खातं बंद पडणार होतं. मग त्यांनी डोळे मिटले आणि खड्या आवाजात, एकेका शब्दावर थांबत, स्तोत्र म्हणत टाइप केलं.

ऑफिसमधली माणसं हात जोडून उभी राहिली. मार्क भरले गेले. आणि सरांचा पासवर्ड त्या दिवसापासून सगळ्या स्टाफला पाठ आहे.

*

माझंही सांगून टाकते. मी त्यातलं एकच प्रकरण वाचलं, लोक बोलण्यात गुंतवून माहिती कशी काढतात ते. आपल्या फोनवर आलेला कोड कोणालाही सांगू नका, असं ठळक अक्षरात होतं. त्याच आठवड्यात गॅसवाला आला. सिलिंडर दारात ठेवून म्हणाला, “बाई, कोड सांगा.”

मी सांगितला नाही. त्याने समजावलं, मी ऐकलं नाही. त्याने ओळखपत्र दाखवलं, तर मला वाटलं, तेही खोटं करता येतंच की. तो बिचारा सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन जिने उतरून गेला. संध्याकाळी नणंदेकडची मंडळी जेवायला, आणि भात अर्धा शिजलेला असताना शेगडी विझली. नवरा एवढंच म्हणाला, “पुस्तक वाच तू, पण गॅस येऊ देत जा.”

*

एक दुपार मात्र मला हसून सांगता येत नाही.

अकोल्याहून एक बाई आल्या होत्या. मुलगी आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर. दिवाळीत घरी आली तेव्हापासून जेवत नव्हती, बोलत नव्हती, फोन उशीखाली घेऊन झोपत होती. लायब्ररीत असं पुस्तक आहे हे बाईंना कुठून तरी कळलं होतं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. फोनचं कुलूप उघडायचं जिथं दिलंय तेवढं मला वाचून दाखवा, असं त्या म्हणाल्या.

मी पुस्तक उघडून त्यांच्यासमोर ठेवलं आणि जे होतं ते सांगितलं. फोन उघडायची युक्ती यात नाही. लोक बहुतेक वेळा जवळच्या माणसाचं नाव, वाढदिवस असं काहीतरी पासवर्ड म्हणून ठेवतात, एवढं आहे. बाईंनी त्या पानावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “तिच्या जवळचं आता कोन हाय, तेच मले माईत नाई.”

लेक्चर संपलं आणि मुलगी पुस्तक बदलायला आत आली. आईला बघून दारातच थांबली. तू इथं कशी, काय वाचतेस, असं तिने विचारलं. बाईंनी काही लपवलं नाही.

“तुह्या फोनात काय हाय, ते पाहाले शिकून राहिली.”

मुलगी उभीच राहिली. मला वाटलं, ही आता पाय आपटत निघून जाणार. ती आईच्या बाजूला बसली, फोन काढला, स्वतःच उघडला आणि त्या उघड्या पानावर ठेवला. मी उठून मागच्या रॅककडे गेले. परत आले तेव्हा दोघी नव्हत्या. खिडकीतून बघितलं तर पोलीस स्टेशनच्या दिशेने जाणाऱ्या ऑटोत बसत होत्या. मुलीचा हात आईने घट्ट धरला होता.

मुलगी यंदा शेवटच्या वर्षाला आहे. फोनमध्ये काय होतं, मी विचारलं नाही.

*

आणि ही पल्लवी. आता नोकरीला लागली आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. अंजनगाव सुर्जीची, घरी संत्र्याचा बगीचा. पुस्तक तिने घाई न करता, नीट समजून वाचलं. वेबसाइटच्या प्रकरणावर आली आणि तिच्या मनात आलं, आपल्या कॉलेजच्या साइटवर असं असेल का? स्वतःची मार्कशीट उघडली. स्क्रीनवर वर दिसणाऱ्या साइटच्या पत्त्यात शेवटी तिचा रोल नंबर होता. तिने शेवटचा आकडा बदलला, तर दुसऱ्याच मुलीची मार्कशीट समोर आली. घरचा पत्ता, मोबाईल नंबर, सगळं.

तिने लॅपटॉप बंद केला आणि माझ्याकडे आली. सांगू की गप्प बसू, असं विचारत होती. मी म्हटलं, सांग.

तिने प्राचार्यांना सांगितलं. त्यांना त्यातलं ‘हॅकिंग’ एवढंच ऐकू आलं. पोलिसांत तक्रार गेली, चौकशी होईपर्यंत परीक्षेला बसता येणार नाही असं ठरलं, आणि वडिलांना बोलावणं गेलं. मला रात्री झोप लागेना. सांग म्हणणारी मीच होते.

वडील आले, लायब्ररीबाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. पोरीनं नेमकं केलं काय, असं त्यांनी मला विचारलं. मला जमेल तसं समजावलं.

“म्हंजे दार उघडंच होतं?”

हो, मी म्हटलं.

“मंग तिनं आतलं काई उचललं?”

नाही. बाहेर येऊन सांगितलं, दार उघडं आहे म्हणून.

त्यांनी मान हलवली. “तरी तिलेच काढून राहिले,” एवढं म्हणून त्यांनी पिशवी बाकावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सायबर शाखेचे साहेब आले. वयाने लहान, साध्या शर्टात. इंटरनेट बरं चालतं म्हणून सगळे लायब्ररीतच बसले. साहेब, प्राचार्य, पल्लवी, वडील, आणि काउंटरवर मी. प्राचार्यांनी अर्धा तास सगळं सांगितलं. कॉलेजचं नाव, संस्थेची इज्जत, हे पुस्तक, आजकालची पोरं. साहेबांनी ते लिहून घेतलं. मग पल्लवीला म्हणाले, जे केलं ते करून दाखव.

पल्लवी लॅपटॉपसमोर बसली. आकडा दोनदा चुकला. वडील जमिनीकडे बघत होते. शेवटी कोणाची तरी मार्कशीट उघडली.

“पाह्यलं?” प्राचार्य म्हणाले. “तुमच्यासमोर केलं तिनं.”

साहेबांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. शेवटचा आकडा खोडला, दुसरा टाकला, बटण दाबलं. आणखी एका मुलाची मार्कशीट आली. त्यांनी ती सगळ्यांना दिसेल अशी फिरवून ठेवली आणि प्राचार्यांकडे वळले.

“सर, आता मी बी तेच केलं. माह्या वडलांले बी बोलावून घ्या. ते तिकडं जंगलात, सेमाडोहले राहतात, यायले जरा वेळ लागंन.”