बांधावरून पुन्हा चिखलात

माझ्या थोरल्या जावेचं एक वाक्य मी दोन वर्षं उराशी बाळगलं. लोक पहाटे देवाचं नाव घेतात, मी ते वाक्य घ्यायचे.

आमच्या गावात भाताच्या लावणीला सगळ्या बाया एकमेकींच्या शेतात जातात. त्या वर्षी मी लुगडं खोचून चिखलात उतरणार, एवढ्यात जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली, "तू नको उतरू गो. रुतलीस तर काढायला रेडं आणायला लागतील. बांधावर बस नि चहा कर." बाया हसल्या. माझा नवराही हसला. मी बांधावर बसून चहा केला आणि जावेच्या कपात साखर घातली नाही. पण तेवढ्याने माझं समाधान होणार नव्हतं. मला त्या रांगेतली माझी जागा परत हवी होती, आणि तीही तिच्या डोळ्यांदेखत.

शहापूरचे डॉक्टर कित्येक वर्षं सांगत होते, वजन उतरवा, गुडघे जातील. ते मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. जावेचं बोलणं जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवसापासून मी मुरबाडच्या रस्त्याने सापगावच्या पुलापर्यंत चालायला लागले. दोन भाकरींची एक केली, रात्रीचा भात बंद केला. चारी बाजूंनी भाताची शेतं असताना भात सोडणं काय असतं, ते सोडणाऱ्यालाच ठाऊक. वजन करायला गिरणीत जायचे. भाताची पोती चढवतात, त्याच काट्यावर मी चढायचे.

सुरुवातीला काटा भराभर उतरला, मग हटून बसला. काही केल्या हलेना. त्यात लग्नसराई आली, हळदीचं मटण आलं, आणि माझा धीर सुटला. महिनाभर पूल पाहिला नाही. रागसुद्धा शिळा होतो, हे मला तेव्हा कळलं.

तो ताजा केला जावेनेच. तिच्याकडून डबा यायला लागला, कधी वडे, कधी घावन. "खा गो," ती कुंपणापलीकडून म्हणायची, "तुझ्यानं नाय व्हायचं ते." शेजारचं भांडं रिकामं परत करू नये म्हणतात. मी वडे कोंबड्यांना घातले आणि डब्यात बिनमिठाचा उकडलेला दुधी भरून पाठवला. दर खेपेला दुधी. शेवटी डबा यायचा बंद झाला आणि मी पुन्हा चालायला लागले.

मधल्या वर्षीच्या लावणीलाही मी बांधावर चहाच केला होता. यंदा मात्र मी कोणाला न विचारता चिखलात उतरले आणि नेमकी जावेच्या शेजारची जागा धरली. लावणी मागे सरकत करतात. जी बाई मागे पडते, तिच्या भोवतीने रोपं लावून बाकीच्या तिला मधोमध कोंडतात. रोपं तुडवता येत नाहीत, म्हणून कोणी हात देईपर्यंत तिने तिथेच उभं राहायचं. जावेचे गुडघे आता दुखतात, हे मला माहीत होतं. तरी मी हात आवरला नाही. दुपारपर्यंत ती हिरव्या रोपांच्या मधे एकटी उभी होती.

"हात दे गो," ती म्हणाली.

"रेडं आणू का, जाऊबाय?" दोन वर्षं जपलेलं उत्तर मी सगळ्यांना ऐकू जाईल असं दिलं.

तिने पदराने तोंडावरचा चिखल पुसला. "रेडं कशाला गो?"

तिला खरंच आठवत नव्हतं. मी हात देऊन तिला बाहेर ओढलं. ती माझ्याच खांद्याला धरून बांधापर्यंत आली आणि तिने चहा मागितला.

त्या रात्री भात शिजवून पोटभर जेवायचं, असं मी केव्हाच ठरवलं होतं. तांदूळ निवडून ठेवले होते. ते परत डब्यात ओतले, चपला घातल्या आणि पुलाकडे निघाले. आता तिला आठवेपर्यंत मी बारीक राहणार आहे.