घरातलं शेवटचं नवखं माणूस

“हिसकावला नाही, दाखवत होतो!”

“काय दाखवत होतास? सरळ आईच्या हातातून ओढून घेतलास कंट्रोलर,” बायको इस्त्री उभी ठेवून पुढे आली. “मी मागे बसेन, तोंडाला कुलूप लावीन, असं तूच जेवताना सांगत होतास ना?”

“त्या चुकीचं बटण दाबत होत्या.”

“मग दाबू दे की! त्यासाठीच बसवलं होतंस ना तिला?”

सासूबाई रिकामे हात मांडीवर घेऊन सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. टीव्हीवर लाल पट्ट्याचा पैलवान अजून वाट बघत होता आणि त्याच्या डोक्यावर अक्षरं झळकत होती : पुन्हा प्रयत्न करा.

“जाऊ दे गं,” त्या म्हणाल्या. “जावईबापूंचा रिमोट, जावईबापूंचा पैलवान. आपण आपले मटार सोलावेत.”

तो काम करायचा ती कंपनी मारामारीचे व्हिडिओ गेम बनवत असे. ऑफिसात सगळे त्याला उस्ताद म्हणत. नव्या माणसाला खेळ शिकवणारा सुरुवातीचा भाग त्याच्याकडे होता. त्या भागाला तो शिकवणी म्हणे. आधी अडवायला शिका, मग खालची लाथ, मग पकड, मग फटक्यांची साखळी. एक धडा जमल्याशिवाय पुढचं दार उघडायचं नाही. तो स्वतः बस स्टँडजवळच्या गेम पार्लरमध्ये मार खाऊन शिकला होता. तिथे कुणी कुणाला काही सांगत नसे. हरलास की उठायचं आणि मागे उभं राहून बघायचं. त्या मानाने आपली शिकवणी म्हणजे आईची माया, असं त्याला अगदी प्रामाणिकपणे वाटे.

पण लोक पहिल्याच धड्यात खेळ बंद करत होते. पैसे देऊन घेतलेला खेळ, आणि एकही लढत न बघता. वरिष्ठ म्हणून आलेल्या नव्या मॅडमनी आवाज न चढवता सांगितलं, “उस्ताद, आलेल्या माणसाला दारातच घाबरवून कसं चालेल? सोमवारी बदललेली शिकवणी दाखवा. नाही जमलं, तर दुसऱ्या कुणाला तरी बघू दे.” दुसऱ्या कुणाला! त्या शिकवणीवर त्याचे केस पिकले होते. ती गेली तर ऑफिसात आपलं म्हणावं असं त्याच्याकडे काय उरणार होतं?

त्याने शब्द छाटले. ‘चूक’ काढून ‘पुन्हा प्रयत्न करा’ घातलं. खेळात मधूनमधून शाब्बास म्हणणारी एक बाई आणली. आता हवं होतं एक कोरं माणूस, ज्याने जन्मात कंट्रोलर धरलेला नाही. आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. नवखेपण काडेपेटीतल्या काडीसारखं असतं, एकदा ओढली की संपली. मेहुणा, शेजारचे काका-काकू, पंखा दुरुस्त करायला आलेला वायरमन, सगळ्यांना त्याने बसवून बघितलं होतं, आणि सगळ्यांना ‘असं नाही, असं’ करत शिकवूनही टाकलं होतं. उरल्या होत्या सासूबाई. ती शेवटची काडीही आता वाया गेली.

“मग तूच बस,” तो बायकोला म्हणाला. “पाच मिनिटं. ब्र काढणार नाही.”

“मी कुठे कोरी आहे?”

“तू कधी खेळलीस?”

हा चेष्टा करतोय की काय, म्हणून तिने त्याच्याकडे नीट बघितलं. “पहिल्या घरी, लग्न झाल्या झाल्या. पलंगावर बसून. मी सगळी बटणं एकदम बडवत होते आणि खेळातली माझी ती शेंडीवाली नुसती उड्या मारत होती. हसून हसून पोट दुखलं माझं. तू म्हणालास, अशाने काही शिकायची नाहीस. आणि घेतलास हातातून. मग तू खेळत बसलास, मी स्वयंपाकाला लागले.”

त्याला आठवेना. पार्लरमध्ये हरलेली एकूण एक लढत त्याला फटक्यानिशी पाठ होती. पहिल्या घरातला पलंग आठवला, उशाशी असलेली खिडकी आठवली. हसणारी बायको काही केल्या आठवेना.

“परत कधी मागितला का नाहीस?”

“मागायचं काय त्यात,” ती म्हणाली. “राहून गेलं.”

कोपऱ्यात फोनमध्ये डोकं घालून बसलेली कॉलेजातली मुलगी म्हणाली, “बाबा, मी खेळते.”

“काय?”

“मारामारीचा गेम. मैत्रिणीकडे. तुमच्या कंपनीचा नाही, दुसऱ्यांचा. त्यात आधी लढायलाच सोडतात. समोरचा पण ढच असतो. काहीही दाबलं तरी काहीतरी भारी होतं. दोन-चार लढती झाल्या की मग विचारतात, अडवायचं कसं ते बघायचंय का? तोवर आपल्यालाच बघायचं असतं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू हातातून घेतला असतास.”

ती भांडायला म्हणाली नव्हती. बाहेर ऊन आहे, असं सांगावं तसं सांगितलं तिने.

तो स्वयंपाकघरात गेला आणि भांडी घासायला लागला. थोड्या वेळाने बाहेरून बटणांची खटखट ऐकू आली, पाठोपाठ सासूबाईंचा आवाज, “हाण! अगं, हाण त्या लाल पट्टेवाल्याला! काय? तो मीच आहे? मग मला कशाला हाणतेस, भवाने!”

फेसाळ हातांनी तो दारात आला. पोरीने शिकवणी ओलांडून सरळ आजीशी लढत लावली होती. कोंबडीने दाणे टिपावेत तशा सासूबाई एका बोटाने बटणं टोचत होत्या. त्याचा हात पुढे गेलाच. त्याने तो दाराच्या चौकटीवर दाबून धरला. पैलवानाने हवेत गिरकी घेतली, समोरची आडवी झाली आणि सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांना कुणी शाब्बास म्हणायची गरज नव्हती.

बायकोही इस्त्री करता करता हसत होती. तो तिच्याजवळ गेला. “तू बस ना. इस्त्री मी करतो.”

“आता नको रे,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “आता नाही वाटत तसं.” आणि तिने शर्टाची बाही सरळ केली.

राग असता तर त्याला काहीतरी म्हणता आलं असतं. हात पुसून तो टीव्हीसमोर जाऊन उभा राहिला.

“जावईबापू, दिसत नाहीये.”

“सोमवारी मी मॅडमना सांगणार आहे,” तो म्हणाला. “आधी लढत, मग धडे. आणि ते काम माझ्याकडे नको, ज्याला खेळता येत नाही अशा कुणाला तरी द्या. मी शिकवणी सोडतोय.”