काडीनं उचललेला ओठ

मुनिमानं काडीनं माझा वरचा ओठ उचलला.

हात लावला नाही. आमच्या अंगाला हात लागला तर त्याला आंघोळ करावी लागे. म्हणून काडी. ती त्यानं गालाच्या आत फिरवली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. गालात कापूस लपवलाय का, ते बघत होता. भर दुपार. अमरावतीत शेठचं कापूस दाबायचं अंगण. दारात गाड्या थांबलेल्या, गाडीवान बघत उभे.

"दातावरून जवान आहे अजून," मुनीम म्हणाला.

गाडीवान हसले. बाजारात बैलाच्या दातांवर हसतात तसे. मी चाळिशी ओलांडलेला, घरात दोन सुना.

काडीची किळस आली. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त किळस माझी मलाच आली. कारण तेरा दिवस ही झडती मीच घेत होतो.

त्या वर्षी दूर कुठंतरी लढाई चालू होती, आणि विलायतेला कापूस मिळत नव्हता. वऱ्हाडचा कापूस सोन्यासारखा झाला. शेठला प्रत्येक माणूस चोर दिसू लागला.

आम्ही आठ जण गाठी दाबायचो. मोठ्या पेटीत कापूस भरायचा. वर फिरत फिरत खाली उतरणारा लाकडी पेच, पेचाला आडवा दांडा. आठ जणांनी छाती लावून तो फिरवायचा. शेवटचे तीन फेरे जिवावरचे. दबलेला कापूस उसळी मारतो, पेच झिजलेला, दांडा सुटला की उलटा फिरतो. म्हणून चौघांनी धरून ठेवायचं, चौघांनी पुढं जाऊन नवी पकड घ्यायची. पकड बसली की ओरडायचं, "धरला!" ते ऐकल्यावरच पहिल्या चौघांनी सोडायचं. मागं वळून बघायला सवड नसते. एका शब्दावर आठ जीव. पाच हंगाम असे काढले. कुणाला ओरखडा नाही.

मग मुनीम मला म्हणाला, "तू नेमका माणूस. मोजल्याशिवाय बोलत नाहीस. यांची झडती तूच घे."

मला बरं वाटलं. लपवत नाही. आठांत मी वेगळा निघालो, असं वाटलं.

सात माणसं. दुपारी एकदा, काम सुटताना एकदा. तेरा दिवस. एकशे ब्याऐंशी झडत्या. एकही मी उरकून टाकली नाही. कमरेचा कसा, धोतराचा काष्टा, पागोट्याचे पेच. सापडलं काय? घामाला चिकटलेले तंतू.

माझ्या समोर दांडा धरणारा रहीमभाई पागोटं सोडून पुढं करायचा. "घे गा, उवाबी मोजून घे. एखादी कमी भरली त मले सांगजो."

चार दिवस सगळे हसले. पाचव्या दिवशी तोही बोलेना. सावलीला बसले असले आणि मी गेलो, की बोलणं तुटायचं.

चौदाव्या दिवशी मी दांडा धरून होतो. रहीमभाई पुढची पकड घ्यायला गेला. माझ्या मनात आलं, हा आता धरणार नाही. झडतीचा सूड घेईल. दांडा माझ्या छातीवर सोडेल.

"धरला" ऐकू यायच्या आधी मी हात काढले आणि बाजूला उडी मारली.

तिघांना तो आवरला नाही. दांडा उलटा फिरला. रहीमभाईनं धरला होता. धरलाच होता. त्याचं हाड मोडलेलं मी ऐकलं.

"सोडला काहून गा?" एवढंच तो म्हणाला.

हाड कातडी फाडून वर आलं होतं. मी पेटीतला मूठभर कापूस घेऊन जखमेवर ठेवला, माझं पागोटं फाडून वरून बांधलं. मुनीम आला. आधी पेटीकडे बघितलं, मग हाताकडे.

"सोड ती पट्टी. आतला कापूस काढ. शेठचा माल आहे."

रक्तात भिजलेला कापूस. त्याची कुठली गाठ दाबणार होता?

"नाई काढत," मी म्हणालो.

"मग तुझ्याही तोंडात असेल," तो म्हणाला. आणि त्यानं काडी उचलली.

माझं झाल्यावर तो बाकीच्यांकडे वळला. सगळ्यांत म्हातारा सीताराम पुढं झाला. "मुनीमजी, दांडा तुमीच फिरवा आता." सहा जण रहीमभाईला उचलून बाहेर पडले. मला कुणी "चल" म्हटलं नाही. मी मागून गेलो.

रहीमभाईचा हात वाकडा बसला. त्यानं मला माफ केलेलं नाही. मी माफी मागितलीही नाही.

आता आम्ही सात जण अकोल्यात दांडा फिरवतो. आठवी जागा रिकामी. मी "धरला" ओरडलो की बाकीचे अजून एकदा मागं वळून बघतात, मगच सोडतात. बघू देत.

इथल्या मुकादमानं पहिल्याच दिवशी झडतीसाठी आमच्यातला एक माणूस मागितला. सगळ्यांच्या आधी मी बोललो.

"आमच्यातला कोणी कोणाची झडती घेणार नाई. घ्यायचीच असन त तुमी घ्या. हातानं. काडीनं नाई."

त्याचा हात पुढं आला नाही. तो उद्या पुन्हा विचारेल. परवाही विचारेल. उत्तर हेच मिळेल, आणि त्यानं काडी उचलली तर सातांतला एकही हात दांड्याला लागणार नाही.