उडत्या तबकडीचं समालोचन

मामांना दिसत नाही, असं म्हटलेलं त्यांना खपत नाही. ‘अंधुक दिसतं’ म्हणायचं. मी दौंडला शाळामास्तर. साखरेनं त्यांचे डोळे गेले, तेव्हापासून रविवारी दुपारी मी दौंडहून मांडवगण फराट्याला जातो आणि त्यांच्या पडवीत लॅपटॉप मांडून आम्ही परग्रहावरच्या पाहुण्यांचे जुने सिनेमे बघतो. म्हणजे मी बघतो, मामा ऐकतात. सिनेमे इंग्रजी, त्यामुळे संवाद मराठीत सांगायचे आणि पडद्यावर काय चाललंय तेही सांगायचं. मामांचं बालपण मेंढरांमागं रानोरान गेलं. उघड्यावर झोपून त्यांनी माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त आभाळ पाहिलंय. वरून कोणी आलंच तर माणसं काय करतील, ही त्यांची जुनी उत्सुकता.

माणसं काय करतील ते त्या काळच्या सिनेमावाल्यांनी ठरवूनच टाकलं होतं. तबकडी उतरणार ती बड्या देशात. शिरूर तालुक्याच्या वाट्याला काही नाही. मग रणगाडे येणार, जनरल येणार, शास्त्रज्ञ चष्मा काढून आभाळाकडे बघणार. पाहुणाही एवढे तारे ओलांडून येतो तो भाषण करायला. सत्कार समारंभच तो, फक्त हार-नारळ नसतो. हे सगळं मी तिखटमीठ लावून सांगायचो. मामा हसायचे आणि मला चेव यायचा.

दिवाळीआधीच्या एका रविवारी असाच एक सिनेमा लावला होता. तबकडी एका शेतात उतरते. पाहुणा बाहेर येतो आणि हातात काहीतरी घेऊन विहिरीकडे निघतो.

“हातात काय हाय त्याच्या?” मामांनी विचारलं.

मी तेव्हा जनरलची नक्कल करण्यात गुंतलो होतो. “हत्यार,” म्हणालो.

शेतकऱ्यानं गोळी घातली. पुढे कळलं, ते भांडं होतं. तबकडी बिघडली होती आणि तिला पाणी हवं होतं. ते मी पाहिलं, पण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आधीची सगळी नक्कल वाया गेली असती.

“शेतकऱ्यानं बरोबर केलं,” मामा म्हणाले. मी पुढचा प्रसंग सांगायला घेतला.

दिवाळी झाली की कोकणाकडे निघालेली मेंढरं मामांच्या रानात बसतात. चार दिवस जाळी लावून बसवली की रानाला खत मिळतं आणि मेंढपाळाला बाजरी. मेंढपाळ आप्पा मामांच्याच भावकीतले. मामांच्या मुलाला मात्र हे नको असायचं. तो कुरकुंभच्या कारखान्यात पाळ्या करून शेती बघतो, आणि मेंढरं ठिबकच्या नळ्या तुडवतात. दरवर्षी तो नको म्हणायचा आणि दरवर्षी मामा त्याला गप्प करायचे.

या वर्षी मी पोचलो तेव्हा मेंढरं रस्त्यावर होती आणि आप्पा बांधावर उभे.

“न्हाई बसवायची,” मामा म्हणत होते. “परवाच बघितलं. इचारल्याबिगर शेतात शिरला, हातात हत्यार. अशाला आधी अडवावं.”

“कुठं बघितलं?”

“सिनेमात.”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. “सिनेमात मेंढरं हुती व्हय?”

“आबा, पयल्यांदा मुद्द्याचं बोललात!” मुलगा वडिलांवर खूश झाला.

मी बोलायला हवं होतं. मी चपला काढून पडवीत जाऊन बसलो. मेंढरं पुढच्या गावाच्या, निमोण्याच्या वाटेला लागली.

सिनेमा बघून कोणी भावकी तोडत नाही, मुलानं वर्षभर कान भरलेच होते, अशी मी स्वतःची समजूत घातली. वादविवाद स्पर्धेत या मुद्द्याला बक्षीस मिळालं असतं. दौंडला परतताना तो नदीच्या पुलापर्यंतसुद्धा टिकला नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मांडवगणला गेलो आणि मामांना सगळं सांगितलं.

“पाणी?”

“पाणी.”

“आन् तू बघितलं हुतंस?”

“हो.”

मामा म्हणाले, “तुझ्या डोळ्यांवर भिस्त हुती, मास्तर.” आणि मोठ्यानं, “जा, आप्पाला घिऊन ये.”

“नळ्यांचं काय?” आतून मुलगा ओरडला.

“गुंडाळायच्या! मी बी लागतो.”

निमोण्याला बाजरीच्या मोकळ्या रानात आप्पांची जाळी लागलेली होती. चूक माझी आहे, मामांची नाही, हे मी त्यांना सिनेमासकट समजावलं.

“पाव्हणं, सिनेमाला कशाला बोल लावता?” आप्पा म्हणाले. “तुमच्या मामानं बांधावर उभं केलं, आत ये म्हनला न्हाई. त्ये काय सिनेमानं शिकवलं?”

“मग पुढच्या वर्षी तरी?”

“या मळेवाल्यानं फुडल्या सालाचं आत्ताच सांगून ठिवलंय. शबुद दिलाय आमी. बसा, भाकर खाऊन जा.”

नाही म्हणायची सोय नव्हती. मी बसलो आणि भाकरी खाल्ली.

परतताना एक वाक्य जुळवत आलो: पुढच्या वर्षी नक्की येतो म्हणालेत. मामांना ते गोड लागलं असतं. मामा रानात फतकल मारून, चाचपत नळी गुंडाळत होते. मुलगा दुसरं टोक धरून उभा होता.

“काय म्हनला?”

मी आप्पांचे शब्द होते तसे सांगितले. बांधावर उभं केल्याचेसुद्धा.

मामांचे हात थांबले. मग गुंडाळी त्यांनी मुलाच्या बाजूला सरकवली.

“पसर परत,” म्हणाले.